तुरुंगातल्या पत्रकाराचं नामांकन

फाम डोआन ट्रांग. व्हिएतनामची पत्रकार. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक, डिसेंबर २०२१ मध्ये ९ वर्षांची शिक्षा. आरोप सरकारविरोधी प्रचाराचा. पुरावा काय, तर तिचं लिखाण आणि मुलाखती! २०१६ साली समुद्रात ढिगाने मासे मेले, त्यावरचा अहवालसुद्धा आरोपपत्रात.

२०२२ मध्ये तिला मार्टिन एनल्स पुरस्कार मिळाला. विजेते १० मानवाधिकार संस्था निवडतात, त्यात ॲम्नेस्टीही आहे. आता कोठडीतून कोण अर्ज भरणार? नाव बाहेरच्यांनीच सुचवायचं. पण 'बिचारी आत आहे' एवढ्यावर भागत नाही. बग रिपोर्टसारखं लिहा: काम काय, कलम कुठलं, पुरावा कुठे.

पुरस्काराने कुलूप उघडत नाही, खरंय. पण अटकेआधीच लिहून ठेवलेल्या पत्रात तिनं मित्रांना बजावलं होतं: नुसती माझी सुटका मागू नका, निवडणुकीचे कायदे बदलायला लावा. नामांकनात हे यायलाच हवं.