चार दशांश मिलिमीटरची फट

लांबी पाच इंच, रुंदी जेमतेम एक मिलिमीटर आणि जाडी ०.४ मिलिमीटर. स्क्रोल सॉ नावाच्या छोट्या विजेच्या करवतीचं नेहमीच्या वापरातलं पातं एवढंच असतं. बोटांत धरलं तर नुसतं लवलवतं. यानं पुठ्ठा तरी कापला जाईल का, अशी शंका यावी. आणि हेच पातं सागवानातून वेलबुट्टी काढतं, जाळी काढतं, एका सपाट फळीतून खोलगट वाडगासुद्धा काढतं!

कसं? आधी ताण बघा. यंत्राला दोन लांब दांडे असतात, एक टेबलाच्या वर आणि एक खाली. पातं त्या दोघांच्या मध्ये ताणून बसवायचं. ताण पुरेसा आहे का, हे कानानं ओळखतात: पातं बोटानं छेडायचं, ढिलं असेल तर बद्द आवाज येतो, नीट बसलं असेल तर टणकन वाजतं. दोन्ही दांडे एकदमच वर जातात, एकदमच खाली येतात. मिनिटाला हजार-दीड हजार वेळा हे घडतं आणि तरी ताण सुटत नाही. मघाशी लवलवणारी पट्टी आता ताठ उभी राहून लाकूड चिरत असते. पातं जागच्या जागी, फिरवायची ती फळी. पातं इतकं अरुंद, की फळी जवळजवळ जागेवरच वळवता येते. नागमोडी वळणं, टोकदार कोपरे यांचं गुपित एवढंच.

दाते भिंगाखाली पाहण्यासारखे असतात. बहुतेक सगळे खाली तोंड करून असतात, म्हणजे पातं खाली येताना कापतं. पण खाली येणारे दाते फळीच्या तळाशी लाकडाचे तंतू उचकटून टाकतात आणि कड फाटकी होते. त्यावर तोड काय काढली असेल? काही पात्यांचे तळाचे मोजके दाते उलटे, वर तोंड करून पाडलेले असतात. पातं वर जाताना ते खालची कडही स्वच्छ कापतात.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. पोलादी पट्टीवर दाते पाडताना एका बाजूला डोळ्यांना न दिसणारी खरबरीत कड उरते. ती बाजू किंचित जास्त कापते, म्हणून पातं बहुधा उजवीकडे ओढ घेतं. सरळ रेघ कापायची असेल तर फळी मुद्दाम थोडी तिरकी सरकवावी लागते! नवशिक्याला वाटतं, आपला हात वळत नाही. हात चांगला असतो, ओढ पात्यात असते. काही दिवसांत हातच ती ओढ ओळखू लागतो.

आता या करवतीनं खाल्लेल्या लाकडाकडे, म्हणजे त्या ०.४ मिलिमीटरच्या फटीकडे वळू. पॅरिसमध्ये आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा चौदाव्या लुईचा फर्निचर कारागीर होता. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ तुकडा एकमेकांवर चिकटवून दोन्ही एकदम बारीक करवतीनं कापायचे, ही रीत त्याच्या नावानं गाजली. पितळेची नक्षी कवचाच्या खाचेत बसते आणि कवचाची नक्षी पितळेच्या खाचेत. एकाच कापण्यात दोन जुळी कपाटं सजतात, एकाचं चित्र दुसऱ्याच्या बरोबर उलटं. पण करवतीनं खाल्लेली जागा मध्ये उरतेच, ती भरून काढावी लागते.

लाकडात मात्र तीही उरू न देणं जमतं. काळसर शिसवीची फळी वर, फिकट लाकडाची खाली, दोन्ही ६ मिलिमीटर जाड. यंत्राचं टेबल सुमारे पावणेचार अंश कलवा आणि दोन्हींतून एकदमच एक पान कापा. काप तिरका असल्यामुळे शिसवीचं पान बाटलीच्या बुचासारखं वर रुंद, खाली निमुळतं होतं. ते खालच्या फळीच्या भोकात दाबलं, की सरकत सरकत नेमकं फळीच्या पातळीवर येऊन घट्ट अडकतं. करवतीनं जेवढं खाल्लं तेवढंच कलण्यानं भरून दिलं! पावणेचार हा आकडा अंदाजाचा नाही, तो फटीची रुंदी आणि फळीची जाडी यांच्या गुणोत्तरातून निघतो.

टेबल आणखी कलवलं तर? २० सेंटिमीटर व्यासाची, पाऊण इंच जाडीची गोल फळी घ्या. टेबल २८ अंश कलवून तिच्यातून एकात एक अशी एक-एक सेंटिमीटर रुंदीची चार कडी कापा. प्रत्येक वेळी पातं आत ओवायला बारीक भोक पाडायचं, तेही त्याच तिरक्या कोनात. काप तिरका, म्हणून प्रत्येक कड्याची तळाची बाहेरची कड त्याच्या आतल्या कड्याच्या माथ्याशी येऊन जुळते. सगळ्यांत मोठं कडं वर, त्याखाली पुढचं, शेवटी उरलेली चकती बुडाला. चिकटवून घासा. पाऊण इंचाच्या फळीतून साडेनऊ सेंटिमीटर उंचीचा वाडगा उभा राहतो, आणि वाया गेला तो फक्त चिमूटभर भुसा.

मला स्वतःला सगळ्यांत थक्क करतो तो लाकडी ठोकळ्यातला घोडा. ठोकळ्याच्या एका बाजूवर घोडा समोरून कसा दिसतो ते चित्र चिकटवतात, शेजारच्या बाजूवर तोच घोडा कडेनं. पहिलं चित्र कापून झालं की सुटलेले सगळे तुकडे परत जागच्या जागी बसवून चिकटपट्टी गुंडाळतात. ठोकळा पुन्हा चौकोनी! मग तो नव्वद अंशांनी वळवून दुसरं चित्र कापायचं. पट्टी सोडली, बाजूचे तुकडे काढले, की आतून चारही पायांवर उभा घोडा निघतो. कुठेही पटाशी लागलेली नाही. कापलेले तुकडे परत इतके चपखल बसतात, कारण फट ०.४ मिलिमीटरचीच आहे. जाड करवतीनं कापलं असतं तर ठोकळा खुळखुळला असता आणि दुसरं चित्र भलतीकडेच गेलं असतं. एवढं मात्र आधी पाहून घ्यावं, की लाकडाच्या रेषा घोड्याच्या पायांच्या दिशेनं उभ्या आहेत. आडव्या असतील तर पट्टी सोडतानाच पाय मोडून हातात येतात.