शे-दीडशे रुपयांचा डबा, एकोणीस टँकर ऑईल

साताऱ्याहून सांगली साधारण १२० किलोमीटर. कराडपर्यंत हायवे, पुढे उसाच्या पट्ट्यातून. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात तर अडीच तास धरूनच निघायचं. या अडीच तासांत इंजिनाने मिनिटाला सरासरी २,००० फेरे घेतले असं धरू. म्हणजे क्रँक ३ लाख वेळा फिरला. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सांगली येईपर्यंत बॉनेटखाली ६ लाख स्फोट झाले. गाडीतल्या माणसाला त्यातला एकही वेगळा ऐकू आला नाही. आणि एवढं होऊनही इंजिन शाबूत राहिलं, याचं बरंचसं श्रेय ऑईलचं, आणि ते ऑईल गाळणाऱ्या डब्याचं.

लहान पेट्रोल गाडीच्या इंजिनात ऑईल मावतं तीन लिटरच्या आसपास. पण तेच ऑईल सतत फिरत असतं. पंप मिनिटाला सरासरी १५ लिटर ऑईल ढकलतो असं धरलं, तर दीडशे मिनिटांत २,२५० लिटर ऑईल फिल्टरमधून गेलं. तेच तीन लिटर साडेसातशे वेळा गाळलं गेलं! आता सर्व्हिसिंगचा १० हजार किलोमीटरचा हिशोब करा. सातारा-सांगलीच्या अशा ८३ फेऱ्या होतात आणि एका फिल्टरमधून १ लाख ८७ हजार लिटर ऑईल जातं. माण-खटावात उन्हाळ्यात पाण्याचे जे टँकर फिरतात, त्यातला मोठा टँकर १० हजार लिटरचा धरा. तसे जवळजवळ एकोणीस टँकर. मुठीपेक्षा थोड्या मोठ्या पत्र्याच्या डब्यातून, कागदाच्या एका पट्टीतून. तेही खळखळत नाही, दाबाखाली आणि शंभर अंशांच्या आसपास तापलेलं.

आणि हा डबा दुकानात मागताना आपण काय म्हणतो? ‘कुठलाही द्या.’

हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. निदान सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत तरी ते शोभत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे लोखंडी नांगर घडले, पुढे पंप घडले. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपरांचा कारखाना उभा राहिला, तिथे नांगर आणि नंतर डिझेल इंजिनं तयार झाली. लोखंड, जाडी आणि फिटिंग पारखणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण फिल्टर हा बंद डबा. बाहेरून रंग आणि स्टिकर दिसतो, पारख करायची ती सगळी आत राहते.

आत काय अडवायचं असतं, ते आधी पाहू. माण, आटपाडी, जतची उन्हाळी धूळ, उसाच्या रस्त्यांवरची माती. एअर फिल्टरमधून निसटलेली ही धूळ पिस्टनच्या रिंगांजवळून ऑईलमध्ये उतरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इंजिनाला घातक असतो तो २० मायक्रॉनच्या आसपासचा कण, डोळ्यांना सुटा न दिसणारा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा जो थर असतो, तो भार आल्यावर अवघ्या काही मायक्रॉनांवर येतो. त्याहून मोठा कण तिथे शिरला की दोन्हीकडचा धातू खरवडणारच.

आता एक ग्रॅम धूळ घ्या, चिमूटभर. सगळे कण २० मायक्रॉनचे आणि वाळूसारख्या दगडाचे धरले, तर त्या चिमटीत ९ कोटी कण भरतात. २०११ च्या जनगणनेत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या ५८ लाख होती. चिमटीतली वस्ती तिच्या पंधरा पट!

इथे कुणीही हुशार मिस्त्री विचारेल की ऑईल साडेसातशे वेळा गाळलं जातं, मग फिल्टर थोडा हलका असला म्हणून काय बिघडलं? या फेरीत निसटलेला कण पुढच्या फेरीत सापडेलच की. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करणारं वाटतं. कण शेवटी सापडतो हे खरं. पण सापडेपर्यंत तो किती वेळा बेअरिंगला भेटून येतो, ते मोजायला हवं. एका फेरीत निम्मे कण पकडणारा फिल्टर घ्या. हजार कण आले तर पहिल्या फेरीत ५०० निसटून बेअरिंगकडे गेले, दुसऱ्या फेरीत २५०, मग १२५. ही सगळी बेरीज हजारावर जाते. म्हणजे सरासरीने प्रत्येक कण बेअरिंगला एकदा घासून गेला. शंभरातले ९९ पकडणारा फिल्टर लावला तर हीच बेरीज दहावर थांबते. आणि शंभरातले वीसच पकडणारा लावला तर ती चार हजार होते. दोन मिनिटांनी बाटलीत ऑईल काढून पाहिलं, तर निम्मे पकडणाऱ्या आणि ९९ पकडणाऱ्या फिल्टरच्या ऑईलमध्ये डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. पण बेअरिंगवर मात्र शंभर पटींचा फरक पडलेला असतो. चिमूटभर धुळीच्या हिशोबात एकीकडे ९ कोटी घासण्या, दुसरीकडे ९ लाख.

हा नुसता कागदावरचा हिशोब नाही. १९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगांतून असं दिसलं की ४० मायक्रॉनच्या (म्हणजे तेवढे कण अडवणाऱ्या) फिल्टरऐवजी ३० मायक्रॉनचा लावला तर इंजिनाची झीज निम्म्यावर येते आणि १५ मायक्रॉनचा लावला तर ७० टक्क्यांनी घटते.

मग हे पकडण्याचं काम डब्यात कोण करतं? घड्या घातलेला कागद. तो पाहायचा तर डबा कापावा लागतो. हॅक्सॉने कापला तर पत्र्याचा कीस कागदात मिसळतो, म्हणून पाइप कटरने डब्याचा काठ कापावा आणि आतला गाभा बाहेर काढावा. एका घडीची खोली २ सेंटीमीटर, उंची ६ सेंटीमीटर आणि दोन्ही बाजू धरल्या, तर ५० घड्यांचा कागद १,२०० चौरस सेंटीमीटर भरतो. हलक्या मालात घड्या विरळ असतात. तीसच निघाल्या तर कागद राहिला ७२०. एकोणीस टँकर तेवढेच, घाणही तेवढीच, म्हणून हा कागद लवकर भरतो. कागदावर फिनॉलिक रेझिन चढवून तो भट्टीत पक्का केलेला असतो. भट्टीतलं काम कच्चं राहिलं की गरम ऑईलमध्ये कागद लोळागोळा होतो आणि दोन-तीन घड्या एकमेकींना चिकटून बसतात.

कागदाच्या दोन टोकांना झाकणं असतात, कुठे पत्र्याची, कुठे जाड पुठ्ठ्याची. पुठ्ठा म्हणजे वाईट, असं सरसकट म्हणू नये. चिकटवण्याचं काम पक्कं असेल तर पुठ्ठाही टिकतो. पाहायचा तो कागदाच्या पट्टीचा सांधा आणि झाकणाची कड. तिथून शंभरातलं दोन लिटर ऑईल जरी गाळल्याशिवाय निसटलं, तरी १० हजार किलोमीटरमध्ये ते ३,७५० लिटर होतं. कागद कितीही उंची असला तरी मग उपयोग नाही.

बायपास व्हॉल्व्हचंही तेच. कागद चोंदला किंवा ऑईल थंडीने घट्ट झालं, तर इंजिन कोरडं पडू नये म्हणून साधारण १ बार दाबफरकाला ऑईल न गाळताच पुढे सोडणारी ही वाट उघडते. स्प्रिंग मेलेली असेल तर ती एरवीही उघडी राहते, आणि चालवणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही.

डबा आडवा किंवा उलटा बसत असेल, तर रात्रभरात त्यातलं ऑईल खाली उतरू नये म्हणून आत रबराचा एक पडदा असतो. तो कडक झाला की सकाळी चावी फिरवल्यावर ऑईल वर पोचायला दोनेक सेकंद जास्त लागतात. थंड इंजिन तेव्हा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर त्या दोन सेकंदांत ४० फेरे जुन्या ऑईलच्या पातळ लेपावर होतात. रोज एकदा धरलं तरी वर्षाला १४,६०० फेरे. साध्या नायट्राइल रबरापेक्षा सिलिकॉन उष्णता जास्त सोसतं आणि मऊ राहतं. दुकानात मात्र रंगावर जाऊ नये, तळाच्या प्लेटच्या भोकातून काडी घालून पडदा हलकेच दाबून पाहावा.

राहिला पत्रा. डब्याचं तोंड साडेसहा सेंटीमीटर व्यासाचं धरा आणि ऑईलचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ४ किलो. म्हणजे फिल्टरला इंजिनापासून उखडू पाहणारा जोर १३० किलोंच्या पुढे जातो. जानेवारीत महाबळेश्वरला गार इंजिन एकदम रेस केलं आणि दाब ६ वर गेला, तर तो २०० किलोंच्या घरात पोचतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, तळाच्या प्लेटचे मोजके आटे आणि रबराचं एक कडं हा जोर सांभाळतात. पातळ प्लेट किंवा ढिले आटे असलेला डबा म्हणूनच उचलताच परत करावा.

पुढच्या सर्व्हिसिंगला काढलेला फिल्टर गॅरेजमध्ये टाकून देऊ नका, कापून मागा. ऑईल काळं दिसलं म्हणून फिल्टरला दोष देऊ नये. काजळीचे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात, ते अडवणं या कागदाचं काम नाही. कागद सुटा करा, पिळून काढा, वर्तमानपत्रावर पसरा आणि उन्हात तिरका धरून पाहा. घड्या सरळ आहेत का, सांधा सुटलाय का, झाकण उचकटलंय का, ते लगेच कळतं. लोहचुंबकाला बारीक भुगा लागला तर तो पोलादाचा. चुंबकाला न लागणारी पांढरी चमक बहुधा ॲल्युमिनियमची, म्हणजे पिस्टनकडून आलेली. तांबूस चमक दिसली तर ती बेअरिंगच्या आतल्या थराची असण्याची शक्यता मोठी, आणि मग ती गाडी सांगलीपर्यंत चालवत नेऊ नये.