सरासरीच्या आड दडलेले आकडे

शोधनिबंध नियतकालिकात छापून येण्यापूर्वी, म्हणजे त्या विषयातील तज्ज्ञांच्या परीक्षणाला उतरण्यापूर्वीच, संशोधक जेव्हा तो सर्वांसाठी खुला करतात तेव्हा त्याला प्रीप्रिंट म्हणतात. भौतिकशास्त्रात ही प्रथा पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या संग्रहामुळे रुळली, जीवशास्त्रासाठी २०१३ मध्ये बायोआर्काइव्ह आणि वैद्यकासाठी २०१९ मध्ये मेडआर्काइव्ह आले, आणि पुढच्याच वर्षी कोरोनाच्या साथीत निबंधांचा असा लोंढा आला की ते सारे बारकाईने वाचणे माणसांच्या आवाक्याबाहेर गेले.

तेव्हा संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आपापल्या संगणक-प्रणाली एकत्र जोडून कोरोनाविषयक प्रीप्रिंटची छाननी सुरू केली आणि तिचे अहवाल जाहीर केले. या कामाचा वृत्तान्त जानेवारी २०२१ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ‘सायस्कोर’ ही प्रणाली रुग्णांची वा प्राण्यांची गटवारी यादृच्छिक, म्हणजे कोणाच्याही मर्जीवर न सोडता, केली होती का आणि नमुन्याची संख्या आधी हिशेब करून ठरवली होती का, याचा उल्लेख मजकुरात शोधते, तर ‘ऑडपब’ मूळ आकडेवारी व संगणकीय प्रोग्रॅम इतरांना उपलब्ध केल्याचे विधान हुडकते.

या साऱ्यांत सर्वांत वेधक आहे ती ‘बारझूका’, कारण ती शब्द वाचतच नाही. निबंधाचे प्रत्येक पान चित्र म्हणून पाहते आणि त्यावरील आलेखांचे प्रकार ओळखते. तिचा मुख्य रोख स्तंभालेखांवर आहे. ट्रेसी वाइसगर्बर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांतील ७०३ निबंध तपासले, तेव्हा ८५ टक्क्यांहून अधिक निबंधांत निदान एक तरी स्तंभालेख आढळला. त्यात बिघडते काय, हे पाच-पाच मोजमापांच्या दोन गटांवरून कळते. पहिल्या गटात ३८, ४६, ५०, ५४, ६२ आणि दुसऱ्यात ४६, ४६, ४६, ४६, ६६ असे आकडे असतील, तर दोन्हींची सरासरी ५० येते आणि विखुरलेपणाचे माप असलेले प्रमाण विचलनही तंतोतंत सारखेच येते, त्यामुळे स्तंभ आणि त्याच्या माथ्यावरची त्रुटिरेषा दोन्हींकडे हुबेहूब एकच दिसते. प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या गटात एकच मोजमाप इतरांपासून फटकून असून तेच सरासरी वर ओढते. प्रत्येक मोजमापाचा स्वतंत्र ठिपका काढला असता, तर ही गोष्ट शाळकरी मुलाच्याही लक्षात आली असती. रुग्णसंख्या किंवा टक्केवारी दाखवण्यास स्तंभ योग्यच असतो, आणि बारझूका हा भेदही करते, यातच तिचे खरे कौतुक आहे.

आलेखांचाच विषय निघाला आहे, तर ‘जेटफायटर’चाही उल्लेख करायला हवा. इंद्रधनुष्यी रंगपट्टी वापरलेली चित्रे ती शोधते, कारण अशी पट्टी आकड्यांत नसलेल्या सीमारेषा डोळ्यांना दाखवते आणि लाल-हिरवा भेद न कळणाऱ्यांची दिशाभूल करते. मॅटलॅब या गणनप्रणालीने ही पट्टी मूळ निवडीतून २०१४ मध्ये वगळली, तरी सवय काही सुटत नाही.

अशा छाननीची मर्यादाही स्पष्ट आहे. जानेवारी २०२० च्या अखेरीस दिल्लीतील संशोधकांनी कोरोना विषाणूच्या प्रथिनातील चार छोटे तुकडे एचआयव्हीशी मिळतेजुळते असल्याचा प्रीप्रिंट बायोआर्काइव्हवर ठेवला आणि टीकेनंतर काही दिवसांतच मागे घेतला. इतके आखूड तुकडे इतर अनेक जीवांतही योगायोगाने सापडतात, हे जाणकारांनी ओळखले. पारदर्शकता मोजणाऱ्या यंत्राला ते उमगले नसते, कारण काम कसे केले हे सांगितले आहे की नाही एवढेच यंत्र पाहते, निष्कर्ष खरा की खोटा हे नव्हे.

म्हणून यंत्राने परीक्षकाची जागा घेऊ नये, त्याचे किरकोळ कष्ट वाचवावेत आणि लेखकाला चूक वेळेवर दाखवावी, हेच इष्ट. प्रीप्रिंटमध्ये दुरुस्ती करून नवी आवृत्ती ठेवता येते. तेव्हा संशोधकांनी स्तंभ पुसून ठिपके काढावेत, आणि वाचकांनीही सरासरी पाहिली की तिच्यामागचे आकडे मागावेत.