रोजा भूक ओळखायला शिकवतो, एमडी ती मारते

रोजा ठेवणाऱ्याला दुपारनंतर घसा कोरडा पडल्याची पूर्ण जाणीव असते. मगरिबची अजान झाली की खजूर आणि पाण्याच्या घोटाने तो रोजा सोडतो. एकादशी करणाऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. शरीर बोलते, माणूस ते ऐकतो आणि मनाला आवर घालतो. एमडी नावाची पावडर शरीराचे हे बोलणेच बंद पाडते.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. रसायनांपासून बनणारा हा नशेचा पदार्थ २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आला. बिडकीनसाठी तो दूरचा विषय नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालय आणि अहमदाबाद गुन्हे शाखेने छत्रपती संभाजीनगर व पैठण परिसरात छापे टाकले. मेफेड्रोन, केटामाइन आणि कोकेनचा कोट्यवधींचा साठा सापडला. बिडकीनवरून जाणारा रस्ताच पुढे पैठणला जातो.

ही पावडर घेतली की भूक, तहान, झोप आणि थकवा जाणवेनासा होतो. तरतरी काही तासांतच उतरते आणि पुन्हा घ्यावीशी वाटते. इकडे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, अंग तापते. झटके येऊ शकतात, प्रसंगी जीवही जातो. दोन-दोन रात्री जागल्यावर भास होतात, कुणी मागावर असल्याचा संशय येतो. पुडीत नेमके काय आणि किती, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. डॉक्टरांकडेही यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही. लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. म्हणून छातीत दुखणे, झटके किंवा अंगाची लाही जाणवली तर लाजेखातर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे.

रमजानमध्ये रात्री जागत्या असतात. तरावीहनंतर मुले चौकात थांबतात, त्यात वावगे काही नाही. पण मुलगा सहरीलाही जेवत नाही, इफ्तारलाही नाही, झपाट्याने वाळतो, पैशांचा हिशेब देत नाही, तर आई-वडिलांनी मारझोड न करता जवळ बसवून विचारावे. इस्लामने नशा निषिद्ध मानली आहे. नशेत सापडलेल्या मुलाला घराबाहेर काढा, असे मात्र सांगितलेले नाही. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला कायद्यातही संरक्षणाची तरतूद आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तर शहरात घाटी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे.

रोजाची भूक सूर्यास्ताला भागते. एमडीची तलफ भागत नाही. तिच्यासाठी घरातल्या कुणीतरी वेळीच हात धरावा लागतो.