झोपेंत दांत खाणें आणि चिनी मातीची कॅप

लहान मूल झोपेंत दांत खाऊं लागलें कीं, त्याच्या पोटांत जंत झाले असावेत, असा निर्णय घरांतील वडील माणसें तत्काळ देऊन टाकतात. परंतु हीच खोड प्रौढ माणसाला असली तर तिचा फारसा गवगवा होत नाहीं. कारण दांत खाणारा स्वतः गाढ झोपलेला असतो आणि तो कर्कश आवाज शेजारीं निजणाऱ्याच्याच वांट्यास येतो. पुष्कळांना या खोडीची पहिली जाणीव होते ती दंतवैद्याच्या खुर्चींत, आणि तीहि दाढेवर बसविलेल्या महागड्या कॅपचा टवका उडाल्यावर. अशा वेळीं रुग्ण कॅपला नांवें ठेवतो व दंतवैद्य रुग्णाच्या जबड्याला. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. तें कितपत, हें ठरविण्यास जबडा व चिनी माती या दोहोंचे स्वभाव पाहिले पाहिजेत.

जेवतांना दांतावर दांत टेकतात ते क्षणभरच. दिवसभरांतील असे सर्व क्षण एकत्र केले तरी त्यांची बेरीज अर्ध्या तासाच्या आंतच राहते, असें मानलें जातें. शिवाय घासांत खडा लागला तर दांतांच्या मुळांभोंवतींचे ज्ञानतंतु मेंदूला सूचना देतात आणि जबडा आपोआप सैल पडतो. झोपेंत हा पहारा ढिला होतो. मेंदूला क्षणमात्र अर्धवट जाग येते, हृदयाची गति वाढते आणि जबड्याचे स्नायु सेकंदाला सुमारें एकदां या तालावर आवळूं लागतात. मध्यें घास नसल्यामुळें सगळा भार दांतावरच पडतो. सर्वसाधारण माणसाच्या दाढांमध्यें सुमारें ४० ते ८० किलोग्रॅम भाराइतका जोर असतो. पण अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत १९८६ सालीं एका माणसाच्या चाव्याचा जोर ४४२ किलोग्रॅम भरल्याची नोंद आहे. मानसिक ताण, तंबाखू, मद्य, अति कॉफी, मनोविकारांवरील कांहीं औषधें आणि झोपेंत श्वास अडकण्याचा विकार यांचा या खोडीशीं संबंध आढळलेला आहे.

आतां चिनी मातीकडे वळावें. ही वस्तु दाब उत्तम सोसते, पण ताण मुळींच सोसत नाहीं. तिच्या अंगांत डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात आणि ओढ पडतांच सर्व ताण त्या भेगांच्या टोकांशीं एकवटतो. इंग्रज शास्त्रज्ञ ग्रिफिथ यांनीं १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत कांचेसंबंधीं हेंच दाखवून दिलें. तोंडांत तर लाळेचा ओलावा भेग वाढण्यास मदतच करतो. म्हणून कॅप बहुधा एका तडाख्यानें फुटत नाहीं. रोज रात्रीं भेग केसाच्या अंशाइतकी पुढें सरकते आणि एके दिवशीं साधी पोळी खातांना टवका उडतो. बिचाऱ्या पोळीवर उगाच आळ येतो.

चिनी मातीची पहिली यशस्वी कॅप डेट्रॉइट येथील दंतवैद्य चार्ल्स लँड यांची. तिचा हक्क त्यांनीं १८८९ सालीं नोंदविला. १९२७ सालीं एकट्यानें विमानांतून अटलांटिक ओलांडणारे लिंडबर्ग हे त्यांच्याच मुलीचे चिरंजीव. ही कॅप सुंदर, पण नाजूक होती. पुढें १९६० नंतरच्या दशकांत धातूच्या कवचावर चिनी माती भाजून चढविण्याची रीत रूढ झाली. आतां लिथियम डायसिलिकेट हा जुन्या चिनी मातीच्या चार-पांच पट, तर झिर्कोनिया सुमारें दसपट मजबूत पदार्थ उपलब्ध आहे. झिर्कोनियाचा गुण विलक्षण आहे. भेगेच्या टोकाशीं ताण पडतांच तेथील स्फटिक आपली रचना बदलून सुमारें ४ टक्के फुगतात आणि भेगेचें तोंड दाबून धरतात. ऑस्ट्रेलियांतील गार्वी, हॅनिंक व पास्को यांनीं हें १९७५ सालीं पुढें मांडलें.

इतका कठीण पदार्थ समोरच्या दांताला झिजवून टाकील, अशी भीति साहजिकच वाटते. अनुभव मात्र उलट आहे. झीज कठिणपणापेक्षां खरखरीतपणावर अधिक अवलंबून असते. उत्तम घोटलेला झिर्कोनिया समोरच्या दांताला जुन्या चिनी मातीहून कमी झिजवितो. परंतु कॅप उंच लागते म्हणून दंतवैद्यानें ती तोंडांतच घासली आणि पुन्हां घोटली नाहीं, तर तीच कॅप कानशीसारखें काम करते. दुसरें असें कीं, झिर्कोनियावर शोभेसाठीं चिनी मातीचा थर चढविला असेल, तर टवका उडतो तो बहुधा त्या थराचा. म्हणून दांत खाणाऱ्यांच्या दाढेवर एकसंध कॅप बरी. अधिक पारदर्शक झिर्कोनिया दिसण्यांत सरस, पण मजबुतींत उणा असतो. जेथें शोभेचा प्रश्न नाहीं अशा मागच्या दाढेवर सोन्याच्या मिश्रधातूची जुनी कॅप आजहि कमी प्रतीची ठरत नाहीं.

तथापि न फुटणारी कॅप म्हणजे निश्चिंति नव्हे. कॅपनें हार खाल्ली नाहीं तर जोर अन्यत्र जातो: खालच्या दांताच्या मुळाला चीर पडते, समोरचा दांत तडकतो, किंवा जबड्याचा सांधा दुखूं लागतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कॅपच्या आयुष्याचे जे आकडे सांगितले जातात, त्यांमागील पुष्कळ पाहण्यांत दांत खाणाऱ्यांना मुळांतच वगळलेलें असतें. ते आकडे अशा रुग्णांनीं जसेच्या तसे आपणांस लावून घेऊं नयेत.

म्हणून कॅप बसविण्यापूर्वीं दंतवैद्याला ही खोड स्पष्ट सांगावी. स्वतःला ठाऊक नसल्यास घरच्यांना विचारावें. सकाळीं जबडा आंबून येणें, कानशिलें दुखणें, दांतांची टोंकें सपाट होणें, हीं तिचीं चिन्हें होत. रात्रीं दांतांवर चढविण्याचें कठीण प्लॅस्टिकचें नाइट गार्ड खोड मोडीत नाहीं, पण झीज स्वतःच्या अंगावर घेतें आणि झिजलें तर बदलतां येतें. घोरण्याबरोबर श्वास अडकत असेल, तर मात्र गार्डपूर्वीं वैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. कॅप दांताचें रक्षण करते हें खरें. परंतु दांत खाणाऱ्याच्या तोंडांत त्या कॅपचेंहि रक्षण कोणीतरी करावें लागतें.