पोवळ्याला कोणता दिवा?

पोवळे म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तांबडा रंग उभा राहतो. नवरत्नांत ते मंगळाचे रत्न. जोशीबुवांनी सांगितले की अंगठीत बसवायचे, बोटात घालायचे आणि मंगळ शांत झाला असे समजायचे. तेव्हा आमच्या भाच्याने बावड्याच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी मांडली आणि तिच्यावर टांगायच्या दिव्यांचे रंग ठरवण्याची बैठक बसवली, त्या वेळी आमच्या भगिनीने निकाल देऊन टाकला यात नवल नाही. "पोवळ्यांसाठी ना? मग तांबडा दिवा लाव की!"

"आई, तांबडा उजेड पोवळ्यांपर्यंत पोचतच नाही," भाचा म्हणाला, आणि तिथून आमचे शिक्षण सुरू झाले.

बावडा हे इंदापूर तालुक्यातले गाव. चहूकडे ऊस. नीरा इथून पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि ते पाणी पूर्वेकडे, पार बंगालच्या उपसागराकडे निघून जाते. पश्चिमेचा समुद्र दोनशे किलोमीटरांहून दूर. नद्यांनीही त्याच्याकडे पाठ फिरवलेली. अशा ठिकाणी समुद्राचा तुकडा बैठकीच्या खोलीत आणायचा म्हणजे पाणी, मीठ आणि उजेड या तिन्ही गोष्टी घरी बनवणे आले. मिठाचे तयार मिश्रण विकत मिळते, पाणी गाळण्याच्या यंत्रातून काढता येते. खरा पेच उजेडाचा.

समुद्राचे पाणी सूर्याच्या उजेडातला तांबडा भाग आधी गिळते. पहिल्या पाच-दहा मीटरांतच तो बहुतेक संपतो, त्यामागोमाग नारिंगी आणि पिवळा. निळा मात्र खोलवर उतरत जातो. वीस मीटर खाली पाणबुड्याच्या बोटाला कापले तर रक्त तांबडे नव्हे, हिरवट-काळपट दिसते. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१ साली युरोपहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राची निळाई पाहून त्यांनी हेच कोडे घेतले. समुद्र निळा दिसतो तो केवळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे नव्हे, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घ्या. विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरांवर, भर समुद्रात, पाण्याखाली बुडालेले एक पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याच्या पृष्ठभागाखाली सुमारे वीस मीटरांवर आहे आणि त्यावर पोवळ्यांची वसाहत आहे. तिथली पोवळी जन्मभर निळ्या उजेडातच राहतात. तांबडा दिवा त्यांना परका.

पण त्यांना उजेड हवा कशाला? पोवळे हा प्राणी, झाड नव्हे. गंमत अशी की त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहते. ते उजेडावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा हिस्सा घरमालकाला भाड्यादाखल देते. हे शैवाल मुख्यतः निळ्या आणि हिरवट-निळ्या प्रकाशावर जगते. उजेड चुकला की भाडे थांबते आणि मालक उपाशी मरतो. आणि जाता जाता सांगायला हरकत नाही, की अंगठीतले तांबडे पोवळे या कुळातले नव्हेच. ते भूमध्य समुद्रात अंधाऱ्या कपारींत वाढते, भाडेकरू ठेवत नाही आणि त्याला दिव्याची गरजच नाही! म्हणजे भगिनीच्या पोवळ्याला तांबडाही नको आणि निळाही नको.

निळा दिवा आज तपकीर गल्लीत मूठभर मिळतो, पण त्यासाठी जगाला पुष्कळ थांबावे लागले. तांबडा एलईडी १९६२ सालीच झाला होता. चांगला तेजस्वी निळा मात्र १९९० नंतरच्या वर्षांत हाती आला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ सालचे नोबेल मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडीसुद्धा मुळात निळाच असतो. त्याला पिवळ्या भुकटीचा लेप दिला की डोळ्याला पांढरा दिसतो. म्हणून नुसते पांढरे दिवे लावूनही काही निळा उजेड मिळतो, पण त्याबरोबर पोवळ्याला नको असलेला पिवळाही भरपूर येतो.

तर यादी अशी ठरली. तीन-तीन वॅटचे चोवीस दिवे. त्यांपैकी बारा गडद निळे, ४५० नॅनोमीटरचे, चार फिक्या निळ्याचे, ४७० चे, सहा पांढरे, आणि दोन जांभळे, ४१५ च्या आसपासचे. तांबडा एकही नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात तांबड्या उजेडाने पोवळ्याची तब्येत बिघडल्याचे दिसले होते. तो वाचून भाच्याने तो रंग काटला. जांभळे दिवे काहीसे हौसेचे आहेत. त्यांच्या उजेडात अनेक पोवळी स्वतः हिरवी-नारिंगी चमकतात, आणि निळ्यातही ती चमक दिसतेच. मला विचाराल तर जांभळ्याचे पैसे वाचवता आले असते. पण हौसेला मोल नाही.

जुळणीत दोन गोष्टींना जपावे लागते. निळ्याला साधारण तीन व्होल्ट लागतात, तांबड्याला दोनच. म्हणून एका माळेत भलते रंग गुंफू नयेत आणि विजेचा प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर लावावा. दुसरी गोष्ट उष्णतेची. दिवे ॲल्युमिनिअमच्या पन्हाळीदार पट्टीवर बसवले नाहीत तर ते लवकर मरतात. आणि बावड्याच्या वैशाखात पेटीचे पाणी तापले तर दिवे कितीही निळे असोत, शैवाल घर सोडून जाते आणि पोवळे पांढरे पडते. १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात झाले तेच.

एवढे झाल्यावर मी कायद्याचा विषय काढला. कठीण सांगाड्याची सर्व पोवळी २००१ सालापासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती समुद्रातून काढणे आणि विकणे हा गुन्हा आहे. भाचा गप्प झाला. बाजारात ती राजरोस दाखवतात, असे त्याचे म्हणणे.

"दाखवतात म्हणून आपण घ्यायची का, मामा म्हणतो ते ऐक," भगिनी म्हणाली.

दोन दिवस घरात अबोला होता. मग त्यानेच तोड काढली. समुद्रफूलही त्याच शैवालाला पोसते आणि तेवढ्याच निळ्या उजेडावर जगते. तेव्हा पोवळे नको, पावती घेऊन एक समुद्रफूल आणि त्यात लपणारे नारिंगी विदूषक मासे आणू. दिव्यांची यादी एका आकड्यानेही बदलावी लागली नाही.

आता निळ्यांची कळ वेगळी, पांढऱ्यांची वेगळी. पहिले काही आठवडे दिवे तिसऱ्या हिश्श्यानेच चालवायचे, मग हळूहळू वाढवायचे. एकदम कडक उजेड दिला तर समुद्रफूल भाजते. दिवसाकाठी आठ-नऊ तास पुरेत. पांढरे सहा दिवे मात्र घरच्या माणसांसाठी. नुसत्या निळ्यात बटाट्याची भाजीही निळी दिसते आणि भगिनीने बजावले आहे, की जेवणाच्या वेळी पांढरे लागले नाहीत तर ती पेटी अंगणात जाईल.