बंद आहे की क्षेत्राबाहेर आहे?

खिशातला फोन : लेखांक ४

कर्जत तालुक्यातल्या कशेळ्याच्या बाजारात उभे राहून खांडसकडच्या एखाद्या वाडीतला नंबर लावा. तीनपैकी एक गोष्ट होते. रिंग जाते, किंवा एक बाई सांगते की फोन बंद आहे, किंवा तीच बाई सांगते की ग्राहक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. आपल्या लेखी शेवटच्या दोन्हींचा अर्थ एकच, लागत नाही. नेटवर्कच्या लेखी मात्र त्या दोन वेगळ्या अवस्था आहेत. ते माणसाला कसे ओळखते आणि कसे शोधते, हे त्या दोन वाक्यांतल्या फरकात दडलेले आहे. आजचा लेख जुन्या टू-जी पद्धतीपुरता आहे. बटणांचे बरेच फोन अजून तिच्यावरच चालतात, आणि पुढच्या पिढ्यांनी बदल केले ते याच पायावर.

बटण दाबून फोन बंद केला की विझण्याआधी तो टॉवरला एक छोटासा निरोप देतो: मी निघालो. नेटवर्क तशी नोंद करते. मग कोणी फोन केला तर शोधाशोध न करता ‘बंद आहे’ सांगून मोकळे होते. पण बॅटरी उपसून काढली, फोन पेज नदीच्या पाण्यात पडला किंवा माणूस डोंगराच्या आडोशाला गेला, तर निरोप जातच नाही. नेटवर्कच्या दप्तरी तो हजरच असतो. त्याला हाका मारल्या जातात, ओ येत नाही, आणि मग बाई ‘क्षेत्राबाहेर’ म्हणते. (कंपनीगणिक वाक्ये थोडी बदलतात. बराच काळ पत्ता लागला नाही तर नेटवर्क आपणहून त्याला गैरहजर ठरवते आणि मग तोही ‘बंद’ होतो.)

मुद्दा असा की आपण नेमके कुठे आहोत हे नेटवर्कला बहुतेक वेळ माहीत नसते. ते माहीत करून घ्यायचे नाही, असे रचनाकारांनी ठरवूनच ठेवले आहे.

तारेच्या फोनला हा प्रश्नच नव्हता. कर्जत भागाचा एसटीडी कोड ०२१४८. तो फिरवला की कॉल तालुक्यात आला, पुढच्या आकड्यांनी एक्स्चेंजमधली तारेची नेमकी जोडी गाठली आणि त्या तारेच्या टोकाला असलेली घंटा वाजली. नंबर म्हणजेच पत्ता. मोबाईलच्या दहा आकड्यांत पत्ता नाही. पूर्वी पहिल्या चार-पाच आकड्यांवरून कंपनी आणि सर्कल (परवान्याचा प्रदेश) तरी कळायचे. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून देशभर कंपनी बदलता येऊ लागली आणि तीही खूण भरवशाची राहिली नाही.

गंमत म्हणजे नेटवर्क आपल्याला या नंबराने ओळखतच नाही. सिममध्ये पंधरा आकड्यांची एक निराळी ओळख कोरलेली असते, तिला आयएमएसआय म्हणतात. पहिले तीन आकडे देशाचे, भारताला ४०४ आणि ४०५ मिळाले आहेत. पुढचे कंपनी आणि सर्कलचे: ४०४-६६ म्हणजे बीएसएनएल महाराष्ट्र, ४०४-२२ म्हणजे तेव्हाचे आयडिया महाराष्ट्र, ४०४-२० म्हणजे मुंबईचे हच, नंतरचे व्होडाफोन. उरलेले आकडे त्या ग्राहकाचे. आपण लोकांना देतो तो नंबर कंपनीच्या मुख्य नोंदवहीत, म्हणजे एचएलआर नावाच्या संगणकात, या ओळखीसमोर लिहिलेला असतो, इतकेच. म्हणून सिम हरवले की नव्या सिमवर जुना नंबर मिळतो. नवे सिम, नवी ओळख. वहीत जुनी खोडून नवी लिहायची.

सिममध्ये आणखी एक गुपित असते, १२८ बिटांची एक किल्ली. तिची जोडीदार फक्त कंपनीकडे असते आणि ही किल्ली हवेतून कधीच जात नाही. नेटवर्क फोनला एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम त्या संख्येवर किल्ली चालवून छोटे उत्तर परत करते, कंपनी तेच गणित आपल्याकडे करून ताडून पाहते. जुळले तर सेवा. १९९१ साली फिनलंडमध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा हे फार चोख होते. त्यात एक भगदाड मात्र राहिले: टू-जीमध्ये फोनने आपण खरे असल्याचे सिद्ध करायचे, टॉवरने नाही. खोटा टॉवर उभारून फोनला फसवण्याचे उद्योग आजही चालतात ते याच भगदाडातून.

तिसरी ओळख खुद्द हँडसेटची, आयएमईआय. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की ती दिसते. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर सरकारने वैध आयएमईआय नसलेले हँडसेट ३० नोव्हेंबर २००९ पासून बंद पाडायला लावले. कशेळ्यासारख्या बाजारांत तेव्हा स्वस्त चिनी फोन मुबलक होते, त्यांतल्या अनेकांना हा आकडाच नव्हता.

आता शोधाकडे. टॉवरवरचे प्रत्येक क्षेत्र म्हणजे एक सेल, आणि अशा अनेक सेलचा मिळून एक विभाग आखलेला असतो. त्याला लोकेशन एरिया म्हणतात. प्रत्येक टॉवर आपल्या विभागाचा क्रमांक अखंड पुकारत असतो. फोन तो ऐकत राहतो. विभागातल्या विभागात माणूस कितीही फिरला, कशेळ्याहून अंबिवलीला गेला, परत आला, तरी फोन गप्प बसतो. ऐकू येणारा क्रमांक बदलला की तो तोंड उघडतो आणि कळवतो की मी आता या विभागात आलो. ही नोंद त्या भागाच्या एक्स्चेंजला जोडलेल्या व्हीएलआर या पाहुण्यांच्या वहीत होते, आणि मुख्य वहीत, एचएलआरमध्ये, एवढेच लिहिलेले असते की हा ग्राहक सध्या अमक्या एक्स्चेंजच्या पाहुण्यांत आहे. याशिवाय काही तासांनी एकदा, न हलताही, फोन हजेरी लावतो. किती वेळाने लावायची हे टॉवरच सांगतो, सहा मिनिटांच्या पटीत.

दादरहून कोणी कशेळ्याला फोन केला की काय होते पाहा. कॉल आधी त्या कंपनीच्या प्रवेशद्वारावरच्या एक्स्चेंजला पोहोचतो. ते मुख्य वहीला विचारते, हा कुठे आहे? मुख्य वही पाहुण्यांच्या वहीकडे विचारणा करते आणि तिथून एक तात्पुरता नंबर मिळतो, केवळ या एका कॉलपुरता. त्या नंबराच्या आधारे कॉल कर्जत भाग सांभाळणाऱ्या एक्स्चेंजपर्यंत येतो. पुढे माहिती संपते. इथे नेटवर्क दवंडी पिटते: विभागातल्या सगळ्या टॉवरवरून एकाच वेळी त्या ग्राहकाच्या नावाने पुकारा होतो. नाव खरे नाही, टोपणनाव. पाहुण्यांच्या वहीने दिलेला आणि अधूनमधून बदलणारा आकडा, म्हणजे हवेत कान लावून बसलेल्याला कोण कुठे हे कळू नये. शंभर फोन तो पुकारा ऐकतात आणि दुर्लक्ष करतात. ज्याचा असतो तो ‘ओ’ देतो, तेव्हा कुठे नेटवर्कला कळते की माणूस या टॉवरच्या या बाजूला आहे. मग किल्लीची परीक्षा, मग बोलण्यासाठी जागा, मग घंटा. नंबर लावल्यावर रिंग ऐकू येईपर्यंत जी काही सेकंदांची शांतता असते ती या सगळ्याची. मिस्ड कॉल देणाऱ्यांनी वर्षानुवर्षे एवढी यंत्रणा एक पैसाही न देता राबवून घेतली, याचे मला अजून कौतुक वाटते.

फोन तरी सतत कान देऊन बसत नाही. त्याच्या नावाचा पुकारा कोणत्या क्षणी होऊ शकतो हे आयएमएसआयच्या शेवटच्या तीन आकड्यांवरून ठरलेले असते. तेवढ्याच क्षणी तो जागा होतो, एक-दोन सेकंदांत एकदा, आणि परत झोपतो. बटणांच्या फोनची बॅटरी आठवडाभर पुरते याचे हे एक मोठे कारण.

विभाग लहान आखला तर फोन सारखे कळवत बसतील. मोठा आखला तर प्रत्येक कॉलसाठी शेकडो टॉवरवरून ओरडावे लागेल. अभियंते मधला आकार शोधतात आणि सीमा शक्यतो निर्मनुष्य जागेतून नेतात. पण कुठेतरी ती कुणाच्या तरी घरावरून जाणारच. एका टॉवरची लहर एका विभागाची, दुसऱ्याची शेजारच्या विभागाची, आणि दोन्ही जवळपास सारख्याच जोराच्या. फोन खिडकीत निपचित पडलेला असतो, पण झाड हलले, कोणी दारात उभे राहिले की लहरी वरखाली होतात आणि तो या विभागातून त्या विभागात नोंदणी करत राहतो. बॅटरी उतरते. नोंदणी चालू असताना पुकारा झाला तर तो हुकतो. फोन करणाऱ्याला ‘क्षेत्राबाहेर’ ऐकू येते आणि इकडे पडद्यावर चार दांड्या भरलेल्या! “फोन हातातच होता, रेंज फुल्ल होती” असे सांगणारा दर वेळी थापा मारत नसतो. यावर उपाय म्हणून सीमेवरच्या टॉवरना सांगितलेले असते की दुसऱ्या विभागाची लहर चांगली ठळक असल्याशिवाय फोनने तिकडे वळू नये. उपाय बरा आहे, पुरा नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याची अडचण निराळी. खांडस, जामरुंग या बाजूला कड्याच्या अगदी बुडाशी गेले की वरच्या पठारावरच्या टॉवरची लहर डोक्यावरून निघून जाते. चार-पाच किलोमीटर मागे मोकळ्या शेतात सापडणारी रेंज कड्याखाली सापडत नाही. तिथे फोन टॉवर हुडकत राहतो, आणि एखादा क्षीण टॉवर मिळालाच तर त्याच्याशी पूर्ण दोन वॅट ताकदीने बोलतो. ट्रेकला निघालेल्यांची बॅटरी पेठच्या किल्ल्याच्या वाटेवर संपते ती बऱ्याचदा फोटोंमुळे नव्हे. पावसाळ्यात रेंज जाते याचा दोष मात्र पावसाला थेट देऊ नये. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी सरींना भीक घालत नाहीत. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते. नाहीतर एका टॉवरला दुसऱ्याशी जोडणारी मायक्रोवेव्ह लहर, जी बरीच वरच्या वारंवारितेची असते, ती मुसळधार पावसात अडखळते.

कर्जत तालुक्याच्या वाट्याला आणखी एक सीमा आली होती, परवान्यांची. मुंबईचे सर्कल मुंबई, नवी मुंबई, कल्याण अशा एक्स्चेंजच्या क्षेत्रापुरते. त्यापुढचा रायगड महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. कल्याण-बदलापूर मागे टाकून लोकल नेरळकडे निघाली की डब्यातले मुंबईचे फोन एकामागून एक नव्या नेटवर्कची दारे ठोठावू लागत आणि पडद्यावर नाव बदले. जुन्या नोकियात ‘सेल इन्फो डिस्प्ले’ चालू केले, चॅनेल ५० लावले, की टॉवरच्या भागाचे नावही झळके. स्टेशन आल्याचे अंधारात त्यावरून ओळखणारे प्रवासी होते.

नाव बदलले की मीटरही बदले. मुंबईचे सिम घेतलेले दोघे मित्र अंबिवलीत पेठच्या पायथ्याशी चुकामूक होऊन हाकेच्या अंतरावर उभे आहेत आणि एक दुसऱ्याला फोन करतो, असे धरा. नंबर मुंबईचा, म्हणून कॉल आधी मुंबईला जाणार, तिथली मुख्य वही सांगणार की तो तर महाराष्ट्र सर्कलमध्ये पाहुणा आहे, आणि कॉल उलटा फिरून अंबिवलीला येणार. मुंबईपासून परतीच्या वाटेचे पैसे ज्याला फोन आला त्याच्या माथी, कारण फोन करणाऱ्याने मुंबईचाच नंबर लावलेला असतो, माणूस कुठे गेला हे त्याला काय ठाऊक? रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉललाही पैसे का पडायचे, याचे उत्तर एवढेच. बीएसएनएलने जून २०१५ मध्ये देशांतर्गत रोमिंगवरचे इनकमिंग फुकट केले. पुढे इतरांनाही पैसे घेण्याचा हट्ट सोडावा लागला.

मग वर्तमानपत्रांत रोज येणारे ‘टॉवर लोकेशन’ काय असते? कॉल किंवा एसएमएस झाला त्या वेळी कोणत्या सेलने सेवा दिली, याची नोंद बिलाच्या हिशेबासाठी ठेवली जाते, ती ही. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तोंडे असतात, प्रत्येकाच्या वाट्याला १२० अंश. दादरमध्ये एवढ्या माहितीवर माणूस दोन-तीन गल्ल्यांत सापडेल. कशेळ्याच्या टॉवरचे पूर्वेकडचे तोंड म्हणजे भातखाचरे, वाड्या आणि जंगल मिळून कित्येक चौरस किलोमीटर. टॉवरला अंतराचा अंदाज असतो, कारण लांबच्या फोनला थोडे आधी बोलायला सांगावे लागते. हा हिशेब ५५० मीटरच्या पायऱ्यांनी होतो, ० ते ६३, म्हणून टू-जीचा टॉवर ३५ किलोमीटरपलीकडे पोहोचत नाही. पण ५५० मीटर रुंदीचा चापाच्या आकाराचा पट्टा जंगलात म्हणजे फार झाले. त्यात दरी कुठली आणि सोंड कुठली हे तो आकडा सांगत नाही. शिवाय ज्याने कॉल केला नाही, ज्याला आला नाही, त्याची अशी नोंदच नाही. मागे उरतो तो फक्त विभाग.

म्हणून खांडसहून वर चढणाऱ्या शिडी घाटात किंवा गणेश घाटात वाट चुकलेल्याने रेंज येत-जात असेल तर कॉलच्या मागे लागू नये, एसएमएस करावा. एसएमएसला बोलण्याची जागा लागत नाही, तो नियंत्रणाच्या वाहिनीवरून जातो. काही सेकंदांची रेंज त्याला पुरते आणि तेवढ्यात टॉवरची नोंदही होते. ज्याला पाठवला त्याचा फोन नेमका तेव्हा क्षेत्राबाहेर असला तरी संदेश कंपनीच्या संदेशकेंद्रात थांबतो, मुख्य वहीत त्या ग्राहकासमोर खूण होते, आणि त्याचा फोन पहिली हजेरी लावेल तेव्हा संदेश त्याच्या हाती पडतो.

पुढील आठवड्यात : चालू बोलणे न तुटता एका टॉवरकडून दुसऱ्याकडे कसे जाते, आणि कर्जत-खोपोली लोकलमध्ये ते कधीकधी का तुटते.